दुसऱ्या वाटेवरची केबल

हिराजी घरत. हे नाव आधी लिहून टाकतो, नाहीतर मी पुन्हा दुसरंच काहीतरी सांगत बसेन. आईवडिलांनंतर मी आज कोणामुळे उभा असेन, तर या माणसामुळे.

आता जे सांगणार आहे ते मी गेल्या महिन्यापर्यंत कोणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, वडिलांना नाही. चार वर्षं झाली. कधी कधी वाटतं, हे घडलंच नाही – मी कुठल्यातरी थंड खोलीत झोपलो होतो आणि स्वप्नात एक बटण दाबलं. पण बटण दाबलं होतं. खरोखरचं. कसं, ते सांगतो. थोडा वळसा पडेल. चालेल ना?

महाप्याच्या औद्योगिक वसाहतीत एक इमारत आहे, डेटा सेंटरची, तिला खिडक्या नाहीत. बाहेर ट्रेलर, चहाच्या टपऱ्या, डोळ्यांवर येणारं ऊन – आणि आत बारा महिने एकच ऋतू. सर्व्हर ठेवलेल्या उंच काळ्या रॅकच्या रांगा, जमिनीतल्या जाळीतून वर येणारा गार वारा, आणि अंधूक उजेडात लुकलुकणारे हिरवे दिवे, मोजता न येण्याइतके. पंख्यांचा आवाज इतका एकसारखा की थोड्या वेळाने तो आवाज राहतच नाही, पाणी होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, मी एखाद्या तळ्याच्या तळाशी उभा आहे आणि वर कुठेतरी जग चाललंय.

मी कोरेगाव तालुक्यातला. शाळा मराठी, कॉलेज तालुक्याचं. वडील वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये कांद्या-बटाट्याची पोती वाहायचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि त्या पदवीचा महाप्याच्या त्या इमारतीत काय उपयोग, हे मला माहीत नव्हतं. कंत्राटदारामार्फत लागलो होतो. मीटिंगमध्ये इंग्रजी सुरू झालं की मी वहीत उगाच रेघा ओढायचो. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी पन्नाशीचा एक माणूस शेजारी येऊन बसला, माझी वही पाहिली आणि म्हणाला, "चांगलां हाय. रस्त्याचा नकाशा हाय का ऑफिसातून पलून जायचा?"

ते हिराजीकाका. इमारतीतली केबल टाकणारे. जासईचे. त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं, लहानपणी काकांनी भरतीचं पाणी वाफ्यांत सोडायची दारं उघड-बंद केलेली. मला नेटवर्क पुस्तकातून कधी कळलं नाही – काकांनी मिठागर सांगितलं आणि कळलं. "पानी एकदम नाय सोराचा," ते म्हणायचे. "या वाफ्यातशी त्या वाफ्यान. दार लहान असला तं तुंबतंय, मोठा असला तं बांध फुटतंय. तुझां ता नेट बी तसांच हाय." मी ऐकत राहायचो आणि समोरचे रॅक हळूहळू पांढरे व्हायचे, त्यांच्यामधून पाणी चालू लागायचं.

त्यांनी मला जासईला त्यांच्या घराच्या वरची खोली दिली. डबा दोघांत. मी व्हर्च्युअल सर्व्हरची परीक्षा द्यावी, हे डोक्यात त्यांनीच घातलं, आणि अभ्यासासाठी वेळ मिळावा म्हणून माझ्या वाटणीची ओझी – सर्व्हरची खोकी, बॅटऱ्या – ते स्वतः वर आणायचे. मॅनेजर सरदेसाई मॅडमना त्यांनीच सांगितलं, "मॅडम, ह्या पोराला कायम करा, मना लिहून द्याया सांगा तं लिहून देतू." मला इंग्रजी येत नाही म्हणून लाज वाटायची, त्यांना तर येतच नव्हतं, पण लाज नव्हती. केबलला बांधायच्या टॅगवरची इंग्रजी अक्षरं ते चित्रासारखी काढायचे. रॅकचा नंबर, केबल जिथे खोचायची त्या पोर्टचा नंबर – आणि खाली, मराठीत, एक छोटं अक्षर. हि. हिराजीमधलं.

तसं कोणी करत नाही. मी विचारलं होतं, कशाला? ते म्हणाले, "उद्या काय बिघडला तं हाक कोनाला मारायची, ता कलाया नको?"

हे अक्षर लक्षात ठेवा.

त्यांचा हात पाहायला हवा होता तुम्ही. फायबरची केबल म्हणजे आत काचेचा धागा, त्यातून प्रकाश धावतो. काका ती वळवताना म्हणायचे, वळण नारळाएवढं ठेव. लिंबाएवढं केलंस तर काच मरते. टोक पुसून लावायचे, आणि लावताना जो बारीक टक् असा आवाज होतो तो त्या सगळ्या पंख्यांमध्ये त्यांना ऐकू यायचा. मला आजही येत नाही.

परीक्षा मी पास झालो. मला काम मिळालं ते नेटवर्क कार्डांचं, म्हणजे सर्व्हरमध्ये केबल जिथे येते त्या पट्ट्यांचं. सोपं करून सांगतो. एक मोठा सर्व्हर असतो. त्याच्या पोटात वीस-पंचवीस व्हर्च्युअल सर्व्हर राहतात. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच आहोत, नेटवर्क कार्ड आपलं एकट्याचं आहे. प्रत्यक्षात कार्ड एकच. बाहेरून आलेलं प्रत्येक पॅकेट – माहितीचं एकेक पुडकं – आधी एक मध्यस्थ प्रोग्राम हातात घेतो, पत्ता वाचतो आणि ज्याचं त्याला देतो. कार्ड कितीही वेगवान आणा, मध्यस्थ दमला की सगळं तुंबतं. माझं काम त्याचा भार कमी करायचं. कार्डाचे भाग पाडून एकेक भाग थेट व्हर्च्युअल सर्व्हरच्या हातात द्यायचा. दर पॅकेटला प्रोसेसरला हाक न मारता थोडी जमली की एकदाच मारायची. आणि शेवटची गोष्ट – पॅकेटच मोठं करायचं. नेहमीचं पंधराशे बाइटांचं. ते नऊ हजारांचं करता येतं.

हे मला फार लवकर कळलं. पोती वाहणाऱ्याचा मुलगा मी. पोतं मोठं, फेऱ्या कमी – यात काय कळायचं? पण वडील आणखी एक गोष्ट करायचे. मोठं पोतं पाठीवर घेण्याआधी गाळ्याचं दार बघून यायचे. दोन्ही दारं, पुढचं आणि मागचं. मी लहानपणी सुट्टीत मार्केटला गेलो की हे पाहिलेलं आहे. पाहिलेलं होतं ना मी?

जासईजवळचं एक कंटेनर यार्ड आमचं गिऱ्हाईक होतं. गेटवर ट्रेलर आला की कॅमेरा कंटेनरचा फोटो घेणार, फोटो महाप्याला आमच्या एका सर्व्हरवर येणार, तिथून तो दुसऱ्या सर्व्हरकडे जाणार, तो सर्व्हर कंटेनरचा नंबर वाचणार, मग गेट उघडणार. गर्दी झाली की हे फार हळू व्हायचं. एका रविवारी दुपारी, यार्ड अर्धं झोपलेलं असताना, मी सगळे बदल केले. कार्डाचे भाग पाडले, पॅकेट मोठं केलं. आमच्या प्रत्येक सर्व्हरमधून दोन केबल निघतात आणि दोन वेगवेगळ्या स्विचना जातात – स्विच म्हणजे सगळ्या सर्व्हरच्या केबल जिथे येऊन मिळतात ती पेटी. एक वाट रोजची. दुसरी अडीअडचणीची, एरवी रिकामी पडून असलेली. पहिल्या स्विचला मी सांगितलं, आता मोठी पॅकेटं येतील, जाऊ दे. दुसऱ्याला सांगायचं राहिलं.

राहिलं. बस, एवढंच. तिथे काही गुन्हा नव्हता. माणूस विसरतो. तेवढ्यावर थांबलं असतं तर आज मी हे लिहीत नसतो.

सोमवारी गेट पटापट उघडायला लागलं. मॅडम मीटिंगमध्ये म्हणाल्या, संतोषने कमाल केली. काका म्हणाले, "आता पोराचा फोटो लावा गेटवर, नंबरप्लेटसकट." सगळे हसले. मीही. ते तीन आठवडे मी जमिनीपासून थोडा वर चालत होतो. संध्याकाळी जासईच्या खोलीच्या गच्चीवरून यार्डाचे दिवे दिसायचे, ट्रेलर सरकताना दिसायचे, आणि मला वाटायचं, हे पाणी मी सोडलंय. या वाफ्यातून त्या वाफ्यात.

मग एक मंगळवार. सकाळी अकराला पहिल्या स्विचचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं, म्हणून त्याची वाट बंद केली आणि सगळी रहदारी दुसऱ्या वाटेने गेली. आणि फोटो थांबले.

गंमत बघा – सगळं थांबलं नाही. छोटी पॅकेटं जात होती. तपासणीसाठी आम्ही जी पाठवतो ती छोटीच असतात. ती जाऊन परत येत होती. ट्रेलरचा नंबर, वेळ, ड्रायव्हरचं नाव, सगळं पोचत होतं. फक्त फोटो नाही. मोठं पोतं त्या दारातून जात नव्हतं. यार्डाच्या गेटवरच्या माणसाचा फोन आला, "साहेब, गाड्या पार जासई नाक्याच्या पुढे गेल्यात. डायवर लोक माझ्या अख्ख्या खानदानाची आठवण काढतायत. काय ते बघा ना लवकर!" पहिली वाटही लगेच परत आणता येत नव्हती, सॉफ्टवेअर अर्ध्यात होतं.

मॅडमनी मला विचारलं, तुझी सेटिंग बरोबर आहे ना? मी म्हणालो, हो. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. स्क्रीनवर दुसऱ्या स्विचच्या पोर्टवर चुका वाढताना दिसत होत्या, आकडा चढत होता. चुका वाढल्या की आमच्याकडे पहिला संशय केबलवर जातो, ही रीत. मॅडमनी काकांना बोलावलं. "काका, ही दुसऱ्या वाटेची केबल तुमचीच ना? टॅगवर हि दिसतंय."

"माजीच हाय, मॅडम."

"बदला. लगेच."

काका नवी केबल घेऊन आत गेले. मी बाहेरच्या खोलीत स्क्रीनसमोर, फोन स्पीकरवर. आणि ते आत चालत जात असताना – साठ-सत्तर पावलं असतील – मी सहज दुसऱ्या स्विचची सेटिंग उघडली. पंधराशे.

ते पंधराशे मला अजून दिसतं. डोळे मिटले की दिसतं.

आता सांगतो. इथवर यायलाच इतकी वाक्यं लागली.

मी त्याच क्षणी ओरडू शकलो असतो. काका, थांबा, केबल ठीक आहे, चूक माझी आहे. मॅडम चार हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. मी ओरडलो नाही. मी दुरुस्तीची ओळ टाइप केली, नऊ हजार, आणि बोट एंटरवर ठेवून बसलो. थांबलो. का थांबलो? लगेच दाबलं असतं तर काका पोचण्याआधीच फोटो सुरू झाले असते, आणि मग सगळ्यांनी विचारलं असतं, कशाने सुरू झाले? म्हणून मी वाट बघितली. फोनमधून पंख्यांचा आवाज येत होता, पाण्यासारखा. मग जुनी केबल काढल्याचा आवाज. मग काकांचा – "लावलीय रं. बघ आता."

आणि मी एंटर दाबला.

फोटो आले. एकामागोमाग एक, ओल्या कागदासारखे चकचकीत – निळे, लाल कंटेनर. खोलीत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "केबलच होती बघ." मी म्हणालो – मी मोठ्याने म्हणालो – "हो मॅडम, केबलच."

काका बाहेर आले तेव्हा जुनी केबल त्यांच्या हातात होती. नारळाएवढं वळण करून धरलेली. ते ती उजेडाकडे धरून बघत होते. कोणी रागावलं नाही त्यांच्यावर. मॅडम एवढंच म्हणाल्या, "होतं काका, वय झालं की हात थरथरतोच." त्यांनी केबल भंगाराच्या पेटीत ठेवली – टाकली नाही, ठेवली – आणि संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या स्कूटरवरून जासईला गेलो. रांग अजून पूर्ण हटली नव्हती. नाक्यावर त्यांचे गाववाले बसलेले. एकाने हाक मारली, "हिराजी, तुमच्याच ऑफिसाची वायर ना रं? सकालपासून रस्ता तुंबलाय, पोरां शालेतशी चालत आली." काका स्कूटर थांबवून म्हणाले, "माजीच वायर व्हती." मी मागे बसलेलो होतो. माझे हात त्यांच्या खांद्यावर होते.

पुढच्या महिन्यात मी कायम झालो. पेढा काकांनी भरवला.

त्यानंतर ते प्रत्येक केबल लावली की कोणालातरी हाक मारायचे, "बघ रं, बरोबर बसलीय ना?" तो टक् त्यांना ऐकू येत असणार – पण त्यांना त्याच्यावर विश्वास राहिला नव्हता. सहा महिन्यांनी त्यांनी स्वतःच स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. टॅग आता मशिनवर छापून येतात. खाली काही नसतं. पुढे ते निवृत्त झाले, मी लग्न करून घणसोलीला राहायला गेलो.

स्विचमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते. कोणी केला, कोणत्या मिनिटाला. माझं नाव तिथे होतं, काका "लावलीय" म्हणाले त्याच मिनिटाला. कोणीही उघडून पाहिलं असतं तर – कोणी पाहिलं नाही. ठरलेल्या मुदतीनंतर जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. ज्या दिवशी ती पुसली गेली त्या दिवशी मला हलकं वाटलं होतं. हेही सांगितलं पाहिजे. मी त्या दिवशी आनंदात होतो.

आणि ती केबल – दुसऱ्याच दिवशी भंगाराच्या पेटीतून मी काढून घेतली होती. का, ते माहीत नाही. पुरावा नाहीसा करायला असेल. टाकवली मात्र कधी नाही. घरी कपाटात, हिवाळ्याच्या कपड्यांखाली पडून होती. कधी कधी स्वप्नात मी मिठागराच्या बांधावर उभा असतो, सगळे वाफे हिरव्या दिव्यांनी भरलेले, आणि लांबून कोणीतरी हाक मारतं – लावलीय रं, बघ आता – आणि पाणी जागच्या जागी थांबलेलं असतं. माझ्या बोटाची वाट बघत.

गेल्या महिन्यात मी काकांना भेटायला गेलो. अंगणात बसले होते, केस पूर्ण पांढरे. आत एक पोरगेला इलेक्ट्रिशियन टेबलफॅनचा प्लग बदलत होता. साधा प्लग. मी हसून म्हणालो, काका, याला माणूस कशाला? ते आपल्या हातांकडे बघत म्हणाले, "नको रं बाबा. माजा हात आता भरवशाचा नाय. तू बघितलास ना त्या दिवशी."

मी चहा पिऊन निघालो. घरी येऊन आधी ऑफिसला लिहिलं, मग दोन दिवसांनी काकांना. ते पत्र असं होतं –

तीर्थस्वरूप हिराजीकाका यांस,

साष्टांग नमस्कार.

त्या मंगळवारी फोटो थांबले ते माझ्यामुळे. दुसऱ्या स्विचची सेटिंग बदलायची मी विसरलो होतो. तुम्ही केबल बदलायला आत जात होतात तेव्हाच मला चूक सापडली. मी गप्प राहिलो. तुम्ही "लावलीय" म्हणेपर्यंत थांबलो आणि मग सेटिंग बदलली, म्हणजे सगळ्यांना वाटावं की केबलच खराब होती. मुद्दाम केलं. नंतर चार वर्षं रोज गप्प राहिलो. नाक्यावर तुम्ही "माजीच वायर" म्हणालात तेव्हाही.

हे सगळं मी सरदेसाई मॅडमना लेखी दिलं आहे, तुमच्या नावासकट आणि माझ्या नावासकट. त्यांना जे करायचं ते त्या करतील. नाक्यावर कोणाला सांगायचं असेल तर हे पत्र दाखवा.

तुमचा हात चुकला नव्हता. त्या दिवशीही नाही, त्याआधीही नाही.

जुनी केबल सोबत पाठवतो आहे. पिशवीत नारळाएवढं वळण करून ठेवली आहे. टॅग काढलेला नाही, तुमचं अक्षर आहे तसं आहे. पाठवण्याआधी काल ती ऑफिसात नेली, टोकं पुसली आणि त्याच रॅकमध्ये, त्याच दुसऱ्या वाटेवर लावून पाहिली. तासभर समोर उभा होतो.

दिवा लागला. हिरवा. एकदाही विझला नाही.

आपला,
संतोष